खड्ड्यातली रेंज

लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडाशी ती हत्यारांच्या पेटीवर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"ताई, आता पाय धरू का तुमचे?" सुपरवायझर म्हणाला. "डोळ्यांचा दवाखाना आहे हा. पट्ट्या बांधलेली माणसं जिन्याने चाचपडत उतरतायत. दोन तासांचं काम, आणि तुम्ही फोनचं काय घेऊन बसलात!"

"फोन लागला की उतरते."

लिफ्ट कंपनीने तिच्यासकट सातही मेकॅनिकना फोन दिले होते, पण ते एकाच मोबाइल कंपनीला बांधलेले. दुसरीचं सिम घातलं की लॉक उघडायचा कोड मागायचे आणि ढिम्म बसायचे. स्वतःचा फोन खाली न्यायची मनाई. आणि तळघरात त्या मोबाइल कंपनीची रेंज म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. मागच्याच महिन्यात त्यांच्यातले काका अशाच एका खड्ड्यात पाय अडकून चार तास पडून होते. हातात फोन, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला. तेव्हापासून ही रोज मागे लागायची आणि सुपरवायझर रोज 'बघतो' म्हणायचा. ते ऐकून तिचे कान किटले होते.

तिने खिशातून नवं सिम काढलं. "इथल्या सफाईवाल्या मावशींचा फोन खाली खणखणीत लागतो, परवाच येऊन बघून गेले. हे त्याच कंपनीचं. कोड तेवढा मागवा."

"असं तडकाफडकी होतं का काही? आणि एवढं काय घाबरायचं? मी आहे ना वर उभा. हाक मारा की!"

"घाबरतेच मी. घाबरते म्हणूनच सांगतेय." ती उठली. सुपरवायझरला हायसं वाटलं, पण तिने आपला कंपनीचा फोन त्याच्याच हातात ठेवला. "तुम्ही उतरा, साहेब. स्विच बंद केलाय, काही होत नाही. खालून माझ्या स्वतःच्या फोनवर एक फोन लावा. लागला तर पुन्हा हा विषय काढणार नाही."

जिन्यात दोन पेशंट आणि मावशी कान देऊन उभ्या होत्या. माघार घ्यायची सोय नव्हती. तो उतरला.

खाली ग्रीसचा वास आणि अंधार. वर लिफ्टचं बूड लटकलेलं. त्याने फोन उंच धरला, आडवा धरला, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला. लागेना. मग त्याने हाक मारली. तिला ती स्वच्छ ऐकू आली, दोन हातांवर तर उभी होती. पण तिने ओ दिली नाही. दुसरी हाक जरा मोठ्याने आली. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज कापला.

वर आला तेव्हा तो घामाघूम झाला होता. तिच्याकडे न बघताच त्याने ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर.

"कोड?" पलीकडची मुलगी म्हणाली. "ते तर फोनांबरोबरच आले होते, सर. सातही. कुणी मागितलेच नाहीत, म्हणून तसेच पडलेत."

फोनांबरोबर. म्हणजे काका अडकले त्याच्याही आधी. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्याच्याकडून कंपनीचा फोन घेतला, नवं सिम घातलं आणि परत त्याच्यापुढे धरला. सुपरवायझरने चष्मा सावरत, मुलीने वाचून दाखवलेले सोळा आकडे दाबले. पडद्यावर रेंजच्या चार काड्या उभ्या राहिल्या.

"झालं समाधान? बाकीच्यांचं बघतो सवडीने."

तिने हेल्मेट घातलं, पेटी उचलली आणि शिडी उतरली. मिनिटभरात त्याचा फोन वाजला.

"लागला की, ताई! अगदी स्वच्छ येतोय आवाज. करा सुरू!"

"करते. लिफ्ट दोन तासांत दुरुस्त होईल. पण मी खड्ड्यात असेपर्यंत ती हलवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. बाकी सहाजणांना सिम मी कालच वाटलीत. तुम्ही कोड पाठवा आणि त्यांना मला इथे फोन करायला सांगा. सहा फोन आले की वर येते."

"आणि नाही आले तर?"

"डबा घेऊन उतरलेय, साहेब."