तिसरा टेक

"तुझा बाप..." एवढं म्हणून पुरिता लुकबान थांबल्या. ऐंशी वर्षांचा तो देखणा चेहरा कोऱ्या पाटीसारखा झाला.

"कट!" दिग्दर्शक होमेर फार मऊ आवाजात म्हणाला. कालपर्यंत तो ओरडायचा.

कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या नेनिताने तक्त्यात लिहिलं : टेक दोन, बाद. कोणामुळे : पुन्हा पुरिता. कोणाचं कुठलं बटण उघडं, कोणाच्या कुठल्या डोळ्यातून पाणी, तिच्याकडे सगळ्याची नोंद असे. आणि संध्याकाळी तो तक्ता चॅनेलवाल्यांकडे जाई. सकाळीच त्यांचा निरोप आला होता : म्हातारी आज तीनदा अडखळली, तर मालिकेतली आजी उद्या मरेल. उद्याच्या संवादांची पानं नाहीतरी उद्याच लिहिली जातात.

निरोप एल्मोच्याही कानावर गेला होता. एल्मो लुकबान हा पुरिताबाईंचा मुलगा, मालिकेतही त्यांचा मुलगाच, दान्ते. आजोबा नाटकातले, बाप पडद्यावरचा मारामारीवाला, आणि हा सहाव्या वर्षी आईच्या मांडीवर बसून कॅमेऱ्यासमोर रडला, तो आजतागायत सांगाल त्या डोळ्याने रडतोय. घराण्याच्या नावावर खातो, असं केसोन सिटीतले अर्धे नट म्हणत. नेनिता म्हणे, खाऊ दे की! एकोणीस वर्षांत माझ्या 'कोणामुळे'च्या रकान्यात त्याचं नाव एकदा तरी दाखवा.

"मावशी, पाणी आणू?" होमेरने विचारलं.

"मी काय कुंडीतलं झाड आहे?" पुरिताबाई फिस्कारल्या. खाटेवर पडून त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "चल, घे तिसरा."

एल्मो खाटेपाशी गुडघे टेकून बसला. आईचे ओठ हलले, थांबले. नजर छताकडे गेली. कागदावर एल्मोला या जागी नुसतं रडायचं होतं.

तो हुंदका देऊन मोठ्याने म्हणाला, "तुझा बाप जिवंत आहे, दान्ते! दावाओत आहे!"

"कट! एल्मोदादा, अहो, ते वाक्य आईचं!"

"अरे देवा!" एल्मोने कपाळावर हात मारून घेतला. "चुकलो रे, होमेर. वय झालं आता." दिवेवाले खो खो हसले. एल्मोने मान वळवली. "नेनिताताई, माझं नाव नीट लिही हं. आडनावासकट."

नेनिताने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खाटेकडे पाहिलं, आणि लिहिलं. आडनावासकट.

चौथ्या टेकला पुरिताबाईंनी वाक्य असं टाकलं, की होमेर 'कट' म्हणायचं विसरला. डावा डोळा भरला आणि बरोबर 'दावाओ'वर ओघळला.

टाळ्या ओसरल्यावर एल्मोने रीतीप्रमाणे आईचा हात उचलून कपाळाला लावला. त्याच हाताने तिने त्याचा कान धरला आणि त्याला जवळ ओढलं. टिपणं घ्यायला वाकलेल्या नेनितालाही ऐकू आलं.

"आमच्या वेळी कॅमेऱ्यामागे वाक्यं पुरवणारा माणूस असायचा," पुरिताबाई पुटपुटल्या. "पण तो हळू बोलायचा, गाढवा."