फलकावरचं शून्य

मानांकनाचं प्रमाणपत्र मिळालं, की व्यवस्थापक चौबळ नव्या शाखेचे संचालक होणार होते. म्हणून तपासणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी इस्पितळाचा दर्शनी फलक नव्याने रंगवून घेतला : ‘वर्षभरात सुई टोचल्याच्या घटना – शून्य.’

रंग वाळायच्या आतच सफाईच्या द्रुपदा मावशींना कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली. एचआयव्हीच्या रुग्णाला टोचून डॉक्टरांनी ती तशीच उघडी टाकली होती.

“सर, नोंद करून लागण टाळायच्या गोळ्या लगेच सुरू करायला हव्यात,” सिस्टर म्हणाली. “बहात्तर तासांनंतर उपयोग नाही.”

“मग भरपूर वेळ आहे की! समिती जाऊ दे, परवा करू नोंद. आणि मावशी, उद्या विचारलं तर पाठ केलेलं नीट सांगा हं.”

दुसऱ्या दिवशी समितीच्या बाईंनी नेमकं मावशींनाच विचारलं, “सुई टोचली तर काय करता?” स्नेहसंमेलनात पोराचं भाषण ऐकणाऱ्या बापासारखे चौबळ पुढे सरकले.

“वाहत्या पाण्यात हात धुवायचा, सिस्टरला सांगायचं, दोन तासांत गोळी घ्यायची,” मावशींनी घडाघडा म्हटलं आणि बोट पुढे केलं. “काल टोचली, बाई. धुतलं, सांगितलं. गोळी साहेबांनी उद्यावर ढकललीय.”

गोळी पाच मिनिटांत आली. पाण्याचा ग्लास साहेबांनी स्वतः धरला.

शून्याचा एक झाला, प्रमाणपत्र लांबलं. गोळ्यांनी होणारी अठ्ठावीस दिवसांची मळमळ आणि शेवटच्या रक्ततपासणीपर्यंतची तीन महिन्यांची धास्ती मावशींनी सोसली. लेखी खुलासा सिस्टरला द्यावा लागला. सुई टाकणाऱ्या डॉक्टरांना कुणी काही विचारलंच नाही.