वरचा बोल्ट

नवरा वारल्यावर दिराने आमच्या गॅरेजला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि नवऱ्याची जुनी फोर-व्हील जीपही घशात घातली. “वहिनी, गिअरबॉक्स म्हणजे बायकांचं काम नव्हे. घरी बसा!” मी बसले. आज जीप विकत घेणारा गॅरेजच्या दारात असताना दिराचाच फोन आला. गिअर अडकतात म्हणून पठ्ठ्याने गिअरबॉक्सचं जुनं तेल खालून सोडून दिलं आणि नवं भरायचा वरचा बोल्ट हलेना. तेलाशिवाय गाडी चालवायची सोय नाही. नवरा आम्हा दोघांच्या कानीकपाळी ओरडायचा: आधी वरचा सैल करून बघा, मगच खालचा उघडा. धाकट्याला कायम घाई. मी गेले. घामाघूम होऊन विचारतो, “वहिनी, निघेल ना?” “न निघायला काय झालं, भाऊजी? तुम्ही हाकललंत त्या दिवशी पान्याला पाइप लावून मीच आवळलाय.” मी हात पुढे केला. “आधी गॅरेजची किल्ली, मगच बोल्ट.”