बाहेरची बाजू

"आज जॅकच्या पुढे आलास तर इथं राहशील. मागे आलास तर तिसऱ्या डिव्हिजनच्या एका संघात तुझी सोय केली आहे," मॅनेजर टिंडल म्हणाला आणि लेन फॅरोच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. थाप मनापासून होती. टिंडल माणूस वाईट नव्हता. ऑस्ट्रेलियाहून मर्व केली नावाचा नवा स्वार आला होता आणि त्याच्यासाठी संघात एक जागा रिकामी करायची होती, इतकंच.

तिसरी डिव्हिजन म्हणजे देशाचं दुसरं टोक. युद्ध संपल्यापासून सासूच्या घरात पाय आखडून झोपलेल्या लेनला गेल्याच महिन्यात नगरपालिकेचं घर मिळालं होतं. बायकोनं पडदेसुद्धा शिवले होते.

प्रत्येक रेसला चार मोटारसायकली, दोन आपल्या आणि दोन पाहुण्या संघाच्या. लेनची जोडी पहिल्या दिवसापासून कप्तान जॅक ओल्डरॉइडशी होती. जॅक पहिला यायचा, लेन दुसरा. जॅकच्या उजव्या हाताला, बाहेरच्या बाजूनं, सगळी धूळ खात तो चालायचा आणि तिथंच राहायचा. ब्रॅमथॉर्प गावची माणसं आठवडाभर कापडगिरणीच्या खडखडाटात मुकी असतात आणि शनिवारी ट्रॅकवर सगळं बोलून घेतात. त्यांनी लेनचं नाव करवली ठेवलं होतं. "अरे, कधीतरी नवरी हो की," मागावरची एक बाई दर शनिवारी कठड्यावरून ओरडायची, आणि सगळे हसायचे. लेनही हसायचा.

जॅकचं मात्र डोकं फिरायचं. तो युद्धातून धडधाकट परतला होता, गावाचा लाडका होता आणि कुणाचे उपकार घ्यायची त्याला सवय नव्हती. आपल्यापायी एक चांगला स्वार घालवायचा, हे त्याला पटत नव्हतं. शेवटच्या रेसला गाड्या सुरुवातीच्या दोरीपाशी लागल्या, तेव्हा तो लेनकडे झुकला.

"तिसऱ्या फेरीत मी आतली बाजू सोडतो. गुपचूप घूस."

"बघू," लेन म्हणाला.

"बघू काय, बघू? घर सोडायचंय का तुला?"

दोरी उडाली. या गाड्यांना ब्रेक नसतात. डाव्या बुटाला लोखंडी तळ चढवायचा, तो जमिनीला टेकवायचा आणि मागचं चाक घसरवत वळण घ्यायचं. ब्रॅमथॉर्प दोन गुणांनी मागे होतं. आपले दोघे पहिले आणि दुसरे आले, तरच सामना हातात होता. दुसऱ्या फेरीअखेर जॅक पुढे होता, त्याच्यामागे लेन आणि लेनला चिकटून पिवळ्या हेल्मेटचा पाहुणा.

तिसऱ्या फेरीत जॅकनं शब्द पाळला. वळणावर त्यानं गाडी मोकळी सोडली, ती बाहेर सरकत गेली आणि आत दूधवाल्याची घोडागाडी जाईल एवढी वाट झाली. स्टँडमधल्या सगळ्या प्रेक्षकांना ती दिसली. लेनला तर दिसलीच.

नेमका त्याच वेळी पिवळ्या हेल्मेटवाला बाहेरून सुटला. कुंपणाला घासून, पूर्ण वेगात, तो थेट जॅकच्या उजव्या बाजूवर येत होता. जॅक आपला सरकतच होता, तिकडे कुणी नसल्यासारखा.

लेननं आतली वाट सोडली. गाडी तशीच वर बाहेर काढली आणि दोघांच्या मधे घातली. त्याचं कोपर कुंपणाच्या फळ्यांवरून खरडत गेलं. पिवळ्याला वेग तोडावाच लागला. जॅक पहिला आला आणि लेन दुसरा. सामना जिंकला. स्टँडमध्ये लाकडी खुळखुळे वाजू लागले आणि त्या गोंगाटातही करवलीच्या नावानं हाकाटी झालीच.

गाड्या आत आल्यावर जॅकनं हातमोजे जमिनीवर आपटले.

"ताटात वाढून दिलं होतं तुला. तेही खाता येईना?"

"बाहेरून पिवळा येत होता."

"येऊ द्यायचा होता. मी घेतला असता बघून."

लेननं कोपरावर रुमाल बांधला. गाठ दातांनी घट्ट केली.

"दिसला होता तुला, जॅक?" त्यानं हळूच विचारलं.

जॅक खाली वाकून हातमोजे उचलत राहिला.

टिंडल आला, लेनचा हात हातात घेऊन वाईट वाटतं म्हणाला आणि ऑफिसात गेला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. लेन आपली हत्यारं गोळा करू लागला. मग काहीतरी ठरवून तो सामना बघायला आलेल्या मर्वजवळ गेला. जॅक दोन हात अंतरावर चहाचा कप घेऊन उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"पुढच्या शनिवारपासून तू जॅकबरोबर," लेन म्हणाला. "त्याच्या उजव्या बाजूला राहा. तिकडून कुणाला येऊ देऊ नकोस. तुला पुढे जायचं असेल तर आतून जा. बाहेरून कधीच नको."

"मी इतक्या लांबून रेस जिंकायला आलोय दादा, राखण करायला नाही," मर्व हसून म्हणाला.

"ठीक आहे. पण बाहेरून नको," लेन म्हणाला. त्यानं मर्वची बाही घट्ट धरली होती.

जॅकनं चहा तसाच ठेवला आणि तो सरळ ऑफिसात शिरला. टेबलावर दिवा जळत होता. टिंडल त्याच्या उजेडात पाइप साफ करत बसला होता.

"साहेब, लेनला ठेवा. रिकामी करायची ती जागा माझी करा."

"वेड लागलंय का तुला? तू कप्तान आहेस."

जॅकनं दार लावून घेतलं, टेबलासमोर उभा राहिला आणि तळहातानं आपला डावा डोळा झाकला.

"साहेब," तो म्हणाला, "टेबलावरचा दिवा चालू आहे का?"