बाबा चावताहेत

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचं जेवण नाकातल्या नळीतूनच. परवा मी स्वयंपाकघरात सफरचंद खात होते, तेव्हा आई आतून ओरडली, "अगं, हे चावताहेत!"

खरंच त्यांचा जबडा हलत होता, उशी लाळेनं भिजली होती. मी घास गिळला आणि ते थांबले.

डॉक्टर म्हणाले, "चावणं, चव, लाळ, सगळ्यांच्या नसा मेंदूत एकमेकींशी जोडलेल्या असतात. एक जागी झाली की बाकीच्याही जाग्या होतात."

"एकाच माणसाच्या ना?" मी विचारलं. ते हसून पुढची औषधं लिहू लागले.

मला ते सफरचंद कापसासारखं लागलं होतं, तोंडाला कोरड पडली होती. पण आईला कोण सांगणार? "खा गं बाई, तेवढीच ह्यांच्या जिभेला चव," म्हणत ती फोडी पुढे करतच राहिली.

आज मात्र माझा जबडा दुखून आला. मी ताटली सरकवली आणि ओठ घट्ट मिटले.

दाराच्या फटीतून दिसलं, बाबा आपणहून चावू लागले होते.

पाठोपाठ माझा जबडा हलू लागला. दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी थांबेना. तोंडात तर काहीच नव्हतं, फक्त जीभ होती.

आतून आई हरखून म्हणाली, "आज कशाची एवढी गोडी लागलीय गं ह्यांना?"