अक्कांची पिशवी

"चक्कर थांबायची गोळी लिहिलीय, ती दे. बाकी चौकशा कशाला?" डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

दवाखान्यात औषधं देणाऱ्या नसीमने ती घेतलीच नाही. गोदाक्कांनी घरून आणलेली पिशवी तिने सरळ डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली आणि त्यातली दोन पाकिटं शेजारी शेजारी मांडली. "हे तुम्ही दिलेलं, हे शहरातल्या डॉक्टरांनी. नावं वेगळी, पण आत ब्लडप्रेशरचं औषध एकच. अक्का रोज दोन्ही घेतात. मग चक्कर येणार नाही तर काय?"

गोदाक्का पुटपुटल्या, "एक गुलाबी, एक पांढरी. मला वाटलं, निराळ्या दुखण्याच्या असतील."

डॉक्टर भडकले. "पेशंटसमोर मला शिकवतेस? तीस वर्षं दवाखाना चालवतोय मी. उद्यापासून येऊ नकोस!"

नसीमने दार सताड उघडलं. बाहेर बाकांवर अकरा जण बसले होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी होती. येताना घेऊन या, असं महिनाभर तीच सगळ्यांना बजावत होती.

"उद्याचं उद्या बघू, सर," ती म्हणाली. "आज एवढ्या पिशव्या याच टेबलावर रिकाम्या करायच्यात."