घारीची नजर

पुरळ पुन्हा उठलं होतं. काल संध्याकाळी चिंगीचे गाल स्वच्छ झाले होते आणि आज त्यांवर पुन्हा लालभडक फोड. नर्सनं मलमाची डबी उघडली आणि तिचा हात थांबला. औषधानं बरं झालेलं दुखणं रोज असं परत येत नाही. कुणीतरी ते आणत होतं.

दवाखाना म्हणजे अनाथाश्रमाच्या व्हरांड्यातलं एक टेबल. नर्सचं मिशनच्या वैद्यकीय तुकडीबरोबर परदेशी जायचं ठरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी तुला." तरी तिनं वर्षभर खपून इथली भाषा शिकून घेतली. आता मुलं तिला मावशी म्हणत, आणि त्यात तिला सगळं भरून पावल्यासारखं वाटे.

"दुखतं का गं?"

चिंगीनं नकारार्थी मान हलवली. तिचं लक्ष मावशीकडे नव्हतंच. ती मागं बघत होती, आणि मागं खांबाआड घार उभी होती.

घार ही आश्रमातली सगळ्यात मोठी मुलगी. काटकुळी, अबोल. चिंगीसारखंच हेही नाव तुकडीच्या ड्रायव्हरनं ठेवलेलं. "पिलाभोवती घिरट्या घालते बघा," तो म्हणायचा. "झडप कधी घालेल, नेम नाही." चिंगी जेवायला बसली की ही शेजारी. चिंगी रडायला लागली की हिचा हात तिच्या तोंडावर.

नर्सनं मोठ्या बाईंना गाठलं. आश्रमाचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता.

"ती तशीच आहे," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी दोन मुलांच्या मागं लागली होती. एकाच्या अंगावर सारखी खरूज, दुसऱ्याला खोकला. शेवटी तिच्यापासून तोडलं, तेव्हा बरे झाले आणि चांगल्या घरी गेले. मग हिनं चिंगीला धरलं."

"पण कशासाठी?"

"जळते, दुसरं काय? एवढ्या मोठ्या मुलीला कोण दत्तक घेणार? रोगट दिसणारं मूल पाहुणे नेत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. रविवारी प्रार्थनेला एक जोडपं यायचंय. चिंगी तोवर बरी दिसली पाहिजे, सिस्टर."

एका लेकराचं अख्खं आयुष्य रविवारावर टांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं वाळत घालायच्या जागेमागं तिनं दोघींना पाहिलं. घारीच्या हातात कुंपणाच्या झुडपाची फांदी होती. तिचा पांढरा चीक ती चिंगीच्या गालावर लावत होती. चिंगी डोळे घट्ट मिटून मुकाट बसली होती.

"सोड तिला." नर्सचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "डोळ्यात गेला तर आंधळी होईल ती."

"डोळ्याजवळ लावत नाही मी," घार म्हणाली.

ना रडणं, ना सारवासारव. त्या थंडपणानं नर्सच्या अंगावर काटा आला. तिनं चिंगीला ओढलं, तर चिंगीनं घारीच्या फ्रॉकची कड मुठीत धरली. अशी मुलं नर्सनं इस्पितळात पाहिली होती. मारणाऱ्यालाच बिलगणारी. तिनं ती बोटं एकेक करून सोडवली.

तेव्हापासून चिंगी नर्सच्या खोलीत झोपू लागली. झोपायची कसली, तिचा हात उशीवर काहीतरी चाचपत राहायचा. नर्सनं दाराला आतून खुर्ची लावली होती. सकाळी दार उघडलं, की बाहेर भिंतीला टेकून घार बसलेली. नर्स सेवेला आली होती आणि एका पोरीला भ्यायली होती. लाज वाटत होती, पण भीती काही कमी होत नव्हती. आज चीक, उद्या काय?

रविवारपर्यंत चिंगीचे गाल नितळ झाले. पाहुणे यायच्या आधी नर्सनं घारीला कोठीच्या खोलीतून पांघरुणं आणायला पाठवलं आणि बाहेरून कडी घातली. आतून एकही धक्का आला नाही. त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

प्रार्थना झाली. पिवळा फ्रॉक घालून चिंगी पहिल्या रांगेत बसली होती. गाणं संपायच्या आत पाहुण्या बाईंनी तिला उचलून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, नर्सच्याही. जेवणं झाली, सह्या झाल्या, गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या काचेतून चिंगी कुणाला तरी शोधत होती. मावशीला शोधत असेल, असं वाटून नर्सनं पुन्हा पुन्हा हात हलवला. सुटली बिचारी.

मग ती कोठीच्या खोलीकडे गेली. कडी काढली. पोरगी अंगावर धावून आली तर? तिनं आधी फट पाडली, मग दार ढकललं.

सगळी पांघरुणं नीट घडी करून ठेवलेली होती. घार त्यांच्यावर बसली होती.

"गेली?"

"गेली."

"लांब?"

"लांब. पण घर चांगलं आहे."

घारीनं हात उचलला, तशी नर्स दोन पावलं मागं सरली. पण तो हात घारीच्या स्वतःच्याच कानाकडे गेला.

"मावशी, त्यांना एक निरोप द्याल? माझ्या कानाची पाळी हातात धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. तिथं कुणाची तरी धरू द्या म्हणावं. आमच्या दोघा भावांना नेलं, तेव्हाही मी इथंच कोंडलेली होते. त्यांच्या सवयी सांगायच्या राहूनच गेल्या."